मलब्याची वीट

'वीट' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. भिंतीत बसते ती वीट. तिला आपण उर्दूत 'ईंट' म्हणतो. आणि एखाद्या गोष्टीचा फार कंटाळा आला, की 'त्या गोष्टीचा वीट आला' असे म्हणतात. ज्या वस्तूचा सगळ्यांना वीट आला आहे, तिच्यापासूनच घराची वीट करता येईल का? या पाठात आपण हाच विचार करणार आहोत. ती वस्तू म्हणजे मलबा.

'मलबा' हा शब्द तुमच्या घरात रोज बोलला जातो. पाडलेल्या घराच्या विटा, काँक्रीटचे तुकडे, निघालेला गिलावा, फुटलेल्या फरश्या आणि कौले, हे सर्व म्हणजे मलबा. मराठीत त्याला 'राडारोडा' असेही म्हणतात. मुंबईकडचे लोक 'डेब्रिज' म्हणतात. नाव कोणतेही घ्या, त्याची वाट एकच असते. तो रात्रीच्या वेळी ट्रकमध्ये भरला जातो आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठी किंवा खाडीत ओतला जातो. मग ओढ्याचे पात्र अरुंद होते. पावसाळ्यात पाणी दुसरी वाट शोधते आणि लोकांच्या घरांत शिरते.

आता आपल्या डहाणू तालुक्यातल्या चारोटीकडे पाहू. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो. एका बाजूला डहाणूचा रस्ता, दुसऱ्या बाजूला कासा आणि जव्हारचा. नाक्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर खडी, रेती, सिमेंट आणि विटा घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल. याच डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. म्हणजे येत्या काळात येथे बांधकाम वाढत जाणार. जेथे नवे बांधतात, तेथे जुने पाडतात. म्हणून मलब्याचा प्रश्न केवळ मुंबईचा राहिलेला नाही. तो आपल्या दारात आला आहे.

पूर्वी हा प्रश्न आपल्या भागात नव्हता. वारली बांधवांचे जुने घर कुडाचे असे. कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर माती व शेणाचा लेप. असे घर पडले, तर दोन पावसाळ्यांत ते मातीत मिसळून जाई. आज पक्की घरे आली, ही चांगली गोष्ट आहे. पाऊस आणि विंचू-सापांपासून माणसाला संरक्षण मिळाले. पण पक्क्या घराचा मलबा मातीत मिसळत नाही. तो जेथे टाकला, तेथेच राहतो.

माझे मत असे आहे, की या मलब्यापासून विटा आणि ठोकळे आपल्याच भागात तयार व्हावेत. मात्र त्यासाठी दोन अटी पाळल्या पाहिजेत. पहिली, चाचणी झाल्याशिवाय एकही वीट कोणाच्या घराला लागू नये. दुसरी, या नव्या धंद्यात पहिले काम जुन्या वीटभट्टीवरच्या मजुरांना मिळावे. या अटी मी का घालतो, ते पुढे पाहू.

काही लोकांना वाटते, की मोडलेल्या विटेपासून नवे बांधकाम ही परदेशातून आलेली कल्पना आहे. ते खरे नाही. आपल्या देशातील जुने गवंडी भाजलेल्या विटांची पूड करत आणि ती चुन्यात मिसळत. तिला 'सुर्खी' म्हणतात. 'सुर्ख' म्हणजे लाल, हे तुम्हांला सांगायला नको. मुघल काळातील अनेक इमारतींचे दगड आणि विटा चुना व सुर्खीने जोडलेल्या आहेत. १९११ साली कावेरी नदीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. त्या वेळी सिमेंट आपल्या देशात सहज मिळत नव्हते. ते प्रचंड धरण सुर्खी आणि चुन्याच्या मिश्रणाने बांधले गेले. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या धरणाचे मुख्य अभियंता होते.

लाल पुडीत एवढी ताकद कोठून येते? माती नीट भाजली, की तिच्यातील सिलिका आणि अॅल्युमिना हे घटक चुन्याशी संयोग पावायला तयार होतात. चुना, सुर्खी आणि पाणी एकत्र आले, की हळूहळू दगडासारखा कठीण पदार्थ तयार होतो. कोळसा जाळल्यावर वीज केंद्रात जी बारीक राख उरते, तिच्यातही हाच गुण असतो. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र १९९५ साली सुरू झाले. अशा राखेचे ढीग साठू नयेत, म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये अधिसूचना काढली आणि वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट व्यावसायिकांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळण्यास सांगितले. पुढे हे अंतर वाढवण्यात आले. एके काळी केवळ उपद्रव वाटणारी राख आज सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरली जाते. जे राखेच्या बाबतीत घडले, ते मलब्याच्या बाबतीत का घडू नये?

मलब्याची वीट कशी तयार होते, ते थोडक्यात समजून घेऊ. प्रथम मलबा निवडतात. लाकूड, प्लास्टिक, कापड, लोखंडी सळ्या वेगळ्या काढतात. काँक्रीट आणि विटा यांचेही वेगळे ढीग करतात. मग यंत्रात घालून त्यांचा चुरा करतात आणि तो चाळतात. जाड तुकड्यांची खडी होते, बारीक चुऱ्याचा उपयोग वाळूसारखा होतो. या चुऱ्यात थोडे सिमेंट, राख आणि पाणी मिसळून यंत्राच्या साच्यात दाब देतात. बाहेर आलेली वीट भट्टीत भाजावी लागत नाही. ती सावलीत ठेवून तिच्यावर दोन ते चार आठवडे पाणी मारतात. म्हणजे भाकरी भाजतात तशी ही वीट भाजायची नसते. तिला पाण्याने पक्की करायची असते.

यातून दोन मोठे फायदे होतात. पहिला फायदा मातीचा. एका साध्या विटेला सुमारे तीन किलो माती लागते, आणि ती बहुधा शेतातील वरच्या थरातून काढतात. हा थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गोडीत या मातीचा वाटा आहे. ती माती भट्टीत घालणे म्हणजे बी-बियाणे दळून खाण्यासारखे आहे. दुसरा फायदा हवेचा. मातीची वीट भाजण्यासाठी सुमारे एक हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी कोळसा, लाकूड किंवा भाताचा तूस जाळावा लागतो आणि धूर आसपासच्या वस्तीवर पसरतो.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. पण शहाण्या माणसाने चांगल्या गोष्टीलाही प्रश्न विचारले पाहिजेत. आपणही तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न मजबुतीचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातील अनेक घरांना तडे गेले. कित्येक कुटुंबे थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपली. ज्या भागात जमीन हलते, तेथे कच्ची वीट म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या काँक्रीटच्या तुकड्यांना चिकटलेले सिमेंट जास्त पाणी शोषते. त्यात गिलाव्याचा चुरा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळले, तर वीट आणखी कमजोर होते. म्हणूनच भारतीय मानक संस्थेने २०१६ साली जुन्या काँक्रीटच्या खडीला मान्यता देताना मर्यादाही घातली. साध्या काँक्रीटमध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत चालते. सळ्या घातलेल्या, ठरावीक प्रतीपर्यंतच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंतच चालते. याचा अर्थ मलबा वाईट आहे असा नाही. मलबा मोजून-मापून वापरला पाहिजे, असा आहे. आणि एक गोष्ट विसरू नका. भूकंपात केवळ चांगली वीट घर वाचवत नाही. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा असावा लागतो. तो सर्व भिंतींना एकत्र बांधून ठेवतो.

यासाठी माझी सूचना अशी, की मलब्याच्या विटेची सुरुवात गरिबाच्या घरकुलापासून करू नये. आधी पदपथ, गटाराच्या कडा, शाळेचे आवार, सरकारी कार्यालयांची कुंपणे यांसाठी तिचा वापर व्हावा. तेथे ती पास झाली, प्रयोगशाळेत पास झाली, की मग घराच्या भिंतीला लागावी. नवी वस्तू आधी गरिबाच्या डोक्यावर आणि नंतर साहेबाच्या कचेरीत, हा क्रम उलटा केला पाहिजे.

दुसरा प्रश्न सिमेंटचा आहे. मलब्याच्या विटेला भट्टी लागत नाही, पण सिमेंट लागते. सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते. एक टन सिमेंटमागे साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून भरमसाट सिमेंट घालून केलेल्या मलब्याच्या विटेला पर्यावरणाची मैत्रीण म्हणता येणार नाही. सिमेंटचा काही भाग राखेने भरून काढला, तर फायदा टिकतो. तसेच मलबा फार जड असतो. तो शंभर किलोमीटर वाहून नेला आणि वीट तेवढीच परत आणली, तर डिझेलच्या धुरात सर्व कमाई जाईल. यासाठी मलबा जेथे निघतो, त्याच्या जवळच वीट व्हायला हवी. चारोटीला महामार्ग आहे आणि राख देणारे वीज केंद्र सुमारे २५ किलोमीटरवर आहे. अशी जागा या कामाला योग्य आहे.

तिसरा प्रश्न माणसांचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी आटोपली, की वसई, भिवंडी, वाडा येथील वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून आधी बयाणा घेतलेला असतो. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो, आणि पुष्कळ वेळा बयाणा फिटतच नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. १९४५ साली याच तलासरी-डहाणूच्या वारली शेतमजुरांनी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. तरी बयाण्याची साखळी अजून पुरती तुटलेली नाही.

आई-बापांबरोबर मुलेही भट्टीवर जातात. वर्गातील हजेरीपटावर त्यांचे नाव असते, पण बाकावर जागा रिकामी असते. कच्च्या विटा रचून केलेल्या ज्या झोपडीत ही कुटुंबे राहतात, तिला 'भोंगा' म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरील मुलांसाठी 'भोंगा शाळा' सुरू केल्या होत्या. पण सर्वांत चांगला उपाय असा, की मुलाला गाव सोडावेच लागू नये.

मलब्याच्या विटेचा कारखाना गावाजवळ झाला, तर त्याला वर्षभर काम देता येईल. त्यात मलबा निवडणे, यंत्र चालवणे, विटांवर पाणी मारणे, चाचणी घेणे अशी कामे असतात. विटा पाडण्यात ज्यांचे हात तयार झाले आहेत, त्यांना हे काम शिकायला वेळ लागणार नाही. परंतु यंत्र आले आणि भट्टी बंद पडली, एवढेच झाले, तर हीच माणसे दोन्ही बाजूंनी उपाशी राहतील. म्हणून कारखान्याला जागा किंवा परवानगी देतानाच स्थानिक मजुरांना काम, वेळेवर मजुरी आणि बयाण्याला मनाई या गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत. त्यांच्या जिवाची काळजीही घेतली पाहिजे. मलबा फोडताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली, तर सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. म्हणून पाण्याचा फवारा आणि तोंडाला मास्क हवाच. जुने अॅस्बेस्टॉसचे सिमेंटपत्रे तर यंत्रात कधीच घालू नयेत. त्यांचे तंतू धुळीहूनही घातक असतात.

हे सर्व स्वप्न आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली मलब्यावर प्रक्रिया करणारा देशातील पहिला मोठा कारखाना सुरू झाला. तेथे मलब्यापासून फरसबंदीचे ठोकळे आणि विटा होतात. मुंबई महापालिकेनेही दहिसर आणि शिळफाटा येथे प्रत्येकी रोज सहाशे टन क्षमतेचे प्रकल्प उभारले. आपल्या चारोटीचा महामार्ग मुंबईची हद्द ओलांडतो, ते ठिकाण दहिसरच.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१६ साली केंद्र सरकारने बांधकामाच्या मलब्यासाठी वेगळे नियम केले. मलबा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकू नये, तो निवडून वेगळा ठेवावा आणि सरकारी व नगरपालिकांच्या कामांत १० ते २० टक्के साहित्य मलब्यापासून केलेले असावे, असे त्यांत म्हटले होते. २०२५ साली नवे नियम जाहीर झाले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्यांत मोठी बांधकामे करणाऱ्यांवर अधिक जबाबदारी टाकली आहे. तरीही देशात दरवर्षी निघणाऱ्या मलब्याचा अंदाज १५ कोटी टनांचा आहे आणि २०२० च्या सुमारास त्यातील जेमतेम एक टक्का पुन्हा वापरात येत होता. नियम कागदावर असतो, मलबा ओढ्यात असतो. शिवाय नियमांचा भर शहरांवर आहे. चारोटीसारख्या गावात ग्रामसभेनेच हा विषय मांडला पाहिजे. मोठ्या प्रकल्पांच्या ठेकेदारांना तिने विचारले पाहिजे, की तुमचा मलबा कोठे जातो?

तुम्ही म्हणाल, आम्ही विद्यार्थी, आम्ही काय करणार? पुष्कळ काही करता येईल. घराची दुरुस्ती निघाली, तर अख्ख्या विटा वेगळ्या काढून ठेवायला घरच्यांना सांगा. विटांचे तुकडे आणि सळ्या एकाच ढिगात टाकू देऊ नका. वीट पारखायला शिका. दोन विटा एकमेकींवर आपटल्या, की खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कोरड्या विटेचे वजन करा, तिला चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. म्हणजे तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा जड होता कामा नये. ही परीक्षा तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत सहज घेऊ शकता. मातीची वीट असो, राखेची असो की मलब्याची, परीक्षा सर्वांना सारखीच.

'टाकाऊतून टिकाऊ' ही म्हण आपण हस्तकलेच्या तासाला नेहमी वापरतो. काडेपेटीचे घर करताना तिचा अर्धा भाग पाळला तरी चालतो. माणसाच्या राहत्या घराच्या बाबतीत दोन्ही भाग पाळावे लागतात. टाकाऊ वस्तू कमी झाली पाहिजे, आणि केलेली वस्तू खरोखर टिकाऊ झाली पाहिजे. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी गवंडी, कोणी ठेकेदार, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य. त्या वेळी विटेचा भाव जरूर विचारा. त्याबरोबर ती कशाची केली, कोणी केली आणि तिची चाचणी झाली का, हे तीन प्रश्नही विचारा.

शब्दार्थ

राडारोडा – मलबा
गिलावा – भिंतीवरील सिमेंटचा किंवा चुन्याचा लेप, पलस्तर
कूड – काठ्यांची भिंत
जोते – घराचा चौथरा
तूस – भाताचे टरफल, भुसा
बयाणा – कामाआधी दिलेली रक्कम, पेशगी
खावटी – खाण्यापिण्याच्या खर्चासाठी दिलेली रक्कम
वेठबिगारी – मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम, बेगार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुर्खी कशापासून करतात?
(आ) 'भोंगा' कशाला म्हणतात?
(इ) मलबा फोडताना उडणाऱ्या धुळीने कोणता रोग होतो?

२. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) मलब्याच्या विटेचा वापर घरकुलापासून सुरू करू नये, असे लेखकाला का वाटते?
(आ) जास्त सिमेंट घातलेली वीट पर्यावरणाला उपकारक का ठरत नाही?

३. 'वीट येणे', 'जिवाशी खेळ असणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

४. या पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

५. तुम्हांला लेखकाचे कोणते मत पटले नाही? का, ते लिहा.

उपक्रम : तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या विटा आणून पाण्याची चाचणी घ्या. कोरडे वजन, ओले वजन आणि शोषलेले पाणी यांचा तक्ता वर्गात लावा.